उतरणं वरच ठरतं

तेलंगणातल्या बेज्जूरला विमानतळ नाही, धावपट्टी नाही. रेल्वे गाठायची तर कागजनगर. तरीही हेलिकॉप्टर इथल्या माणसाला नवं नाही. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. अहेरी, सिरोंचा, भामरागडकडच्या आडवळणाच्या केंद्रांवर निवडणुकीची पथकं हेलिकॉप्टरनं पोचतात. जुलै २०२२ च्या पुरात मंचेरियाल जिल्ह्यातल्या सोमनपल्लीला पाण्याच्या टाकीवर अडकलेल्या दोघांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं उचललं, तेव्हा ते दृश्य आमच्या भागातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होतं. हवाई दलाचे वैमानिक हे यंत्र जिथं शिकतात ती शाळाही याच राज्यात, हैदराबादजवळ हकीमपेटला. २०२२ सालीच तिचा हीरक महोत्सव झाला.

मी त्या शाळेत गेलेला नाही. माझं इथल्या बाजारात मी-सेवा केंद्र आहे. संध्याकाळी दाखल्यांची आणि अर्जांची गर्दी ओसरली की त्याच कॉम्प्युटरवर मी फ्लाइटगिअर उघडतो. हा सिम्युलेटर फुकट मिळतो, नव्वदच्या दशकापासून जगभरचे हौशी लोक तो घडवत आलेत, आणि त्यात पृथ्वीवरची कुठलीही नदी-डोंगर सापडतात, आमची प्राणहितासुद्धा. सोबतीला कागजनगरच्या कॉलेजात शिकणारा भाचा असतो. विमान उडवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. हेलिकॉप्टरनं मात्र नीट शिकवणी घेतली. त्या शिकवणीचं सार पुढं मांडतो.

१. एक हलवलं की सगळं हलतं

डाव्या हाताला कलेक्टिव्हचा दांडा, उजव्या हातात सायक्लिक, पायाखाली दोन पेडल. कलेक्टिव्ह वर ओढला की पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र उचलतं. सायक्लिकनं फिरत्या पंख्याची चकती हवी तिकडं कलते आणि यंत्र त्या दिशेला सरकतं. पेडलनं शेपटीच्या छोट्या पंख्याचा जोर कमी-जास्त होतो आणि नाक वळतं. इथवर सोपं वाटतं. पण कलेक्टिव्ह वाढवला की इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, पंखा एका बाजूला फिरतो म्हणून धड उलट्या बाजूला वळू बघतं, ते आवरायला पेडल दाबावं लागतं. पेडल दाबलं की शेपटीचा पंखा अख्खं यंत्र बाजूला ढकलतो, ते थोपवायला सायक्लिक कलवावा लागतो. चकती कलली की उचल किंचित घटते आणि पुन्हा कलेक्टिव्हची पाळी येते. हे चक्र जमिनीवर टेकेपर्यंत थांबत नाही. म्हणून ‘आधी हे, मग ते’ असा क्रम पाठ करून काही साधत नाही. कलेक्टिव्ह हलवतानाच पेडलवरचा पाय हलला पाहिजे, नाक वळायची वाट बघायची नाही.

२. पंखा कुठल्या बाजूला फिरतो ते आधी बघा

अमेरिकन यंत्रांचा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. जर्मन बो-१०५ चाही तसाच. फ्रेंच यंत्रांचा बहुधा घड्याळाप्रमाणे. हकीमपेटला ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या वैमानिक तयार झाले ते चेतक मूळच्या फ्रेंच आलुएत-३ चं भारतीय रूप, म्हणून त्याचा पंखाही घड्याळाप्रमाणे. अमेरिकन यंत्र उचलताना डावं पेडल लागतं, चेतक उचलताना उजवं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये हेलिकॉप्टरं आली तीही अशीच उलटसुलट आहेत. गिंबाल काब्री फ्रेंच, बेल ४०७ अमेरिकन. दोन्ही एकाच संध्याकाळी चालवली तर पायांचा गोंधळ उडतो. शिकायला एक यंत्र निवडा आणि उतरणं जमेपर्यंत ते सोडू नका. आम्ही बो-१०५ धरलं. त्याच्या पंख्याच्या मुळाशी बिजागऱ्या नसल्यामुळं ते हाताच्या जरा हालचालीलाही लगेच प्रतिसाद देतं. चुकीला दंड ताबडतोब होतो, म्हणून शिकायला चांगलं.

३. खर्च जॉयस्टिकवर करा, चित्रावर नको

कीबोर्डवर हेलिकॉप्टर शिकता येत नाही, हे सुरुवातीलाच स्वीकारावं. मूठ उजवी-डावी पिळता येते आणि बुडाशी स्लायडर असतो अशी साधी जॉयस्टिक पुरते. पीळ म्हणजे पेडल, स्लायडर म्हणजे कलेक्टिव्ह. स्लायडरची दिशा एकदा तपासून घ्या. बहुतेक ठिकाणी तो पुढं ढकलला की जोर वाढतो, खऱ्या यंत्रात मात्र दांडा वर ओढला की. आपल्या डोक्याला जे पटेल ते ठरवा, पण मग बदलू नका. जॉयस्टिकची संवेदना मधल्या भागात मंद ठेवा, कारण हवेत एका जागी थांबताना सगळं काम त्या मधल्या बोटभर जागेतच चालतं.

दुसरी गोष्ट चित्राच्या वेगाची. झाडं, सावल्या, ढग यांची हौस करून स्क्रीनवर सेकंदाला उमटणारी चित्रं पंचवीस-तीसच्या खाली आली की हाताची हालचाल आणि तिचा परिणाम यांत फट पडते. त्या फटीत कुणालाही यंत्र स्थिर धरता येणार नाही. साग कमी दिसले तरी चालतील. चित्र वाहतं राहिलं पाहिजे.

४. सुरुवात हवेतून करा

खऱ्या शाळेत शिक्षक बाजूला बसतो आणि विद्यार्थ्याला एका वेळी एकच दांडा देतो. बाकीचे स्वतः सांभाळतो. आपल्या टेबलाशी तो शिक्षक नाही. म्हणून जमिनीवरून उचलायच्या भानगडीत आधी पडू नये. यंत्र हजार फुटांवर, साठ नॉट वेगात, म्हणजे तासाला साधारण ११० किलोमीटरवर, चालू अवस्थेतच सुरू करावं. या वेगात शेपटीची उभी पट्टी वाऱ्यात यंत्र सरळ धरायला मदत करते, पायांना काम कमी पडतं. प्राणहितेच्या पात्रावरून सरळ जा, वळा, उंची बदला. मग वेग पन्नास, चाळीस, तीस असा उतरवत आणा. वेग घटत जाईल तसं यंत्र आपल्याला जास्त जास्त काम सांगू लागतं. शेवटी शून्य वेग येतो, त्यालाच हॉवर म्हणतात. जमिनीवरून उचलून हॉवरकडं जाणं अवघड, वेगातून हॉवरकडं येणं सोपं. शिवाय उतरण्याची निम्मी तयारी यातच होऊन जाते.

हेलिकॉप्टर घडवणाऱ्या सिकोर्स्कीसारख्या माणसालाही घाई करता आली नाही, हे लक्षात ठेवावं. १४ सप्टेंबर १९३९ ला त्यानं व्हीएस-३०० पहिल्यांदा उचललं ते जमिनीला तारांनी बांधून. मोकळं उड्डाण झालं १३ मे १९४० ला. यंत्र त्यानंच बनवलेलं, चालवणाराही तोच, तरी मधे आठ महिने गेले.

५. नजर लांब ठेवा

हॉवर करताना डोळे आपोआप खाली, यंत्र ज्यांवर टेकतं त्या स्किडजवळच्या जमिनीकडं जातात. तिथं बघितलं की हात जास्त चालतात आणि यंत्र डोलू लागतं. प्रत्येक डोल आवरायला आपण उलटा दांडा देतो, तो उशिरा पोचतो आणि डोल वाढतो. इलाज दांड्यात नसून डोळ्यांत आहे. नांगर धरणारा बैलांच्या पायाकडं बघत नाही, समोरच्या बांधाकडं बघतो, तेव्हाच तास सरळ निघतं. तसंच शेताच्या कडेचं झाड, नाहीतर पाण्याची टाकी धरावी आणि क्षितिजासकट बघावं. खाली फक्त अधूनमधून झलक टाकावी.

घरच्या सिम्युलेटरमध्ये ही अडचण दुप्पट होते. खऱ्या कॉकपिटमध्ये डोळ्यांच्या कडांनाही जमीन दिसते, आणि यंत्र सरकायला लागलं की बसल्या जागी अंगाला आधी कळतं. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाच्या सीएई यांनी मिळून हॅट्सऑफ नावाची संस्था उभारली आहे. तिथला सिम्युलेटर आख्खी केबिन हलवतो, आणि ध्रुव, डॉफिन, बेल ४१२ अशा यंत्रांचे कॉकपिट त्यात बदलून बसवता येतात. आपल्याकडं हलणारी केबिन नाही, समोर चौकोनी पडदा आहे. म्हणून दृश्याचा कोन थोडा रुंद करावा, कॅमेरा जरा खाली झुकवावा, आणि खालच्या काचेतूनही थोडी जमीन दिसेल असं बघावं.

आमच्या शेजारचे एक काका केंद्रात आले की माझ्या मागं उभे राहून बघत. एकदा म्हणाले, “अरे, किती वेळचा एकाच जागी उभा आहेस. जा की कुठंतरी!” एका जागी उभं राहणं हाच त्या दिवशीचा धडा होता. बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटलं, तर समजावं की हॉवर जमला.

६. उचलताना मधे थांबा

कलेक्टिव्ह हळूहळू वर घेत जा. एका क्षणी यंत्र हलकं होतं, पण स्किड अजून जमिनीला असतात. इथं थांबायचं. नाक वळतंय का, एक बाजू आधी उचलतेय का, मागं-पुढं घसरतंय का, हे सगळं इथंच कळतं आणि इथंच दुरुस्त होतं. एक स्किड अडकलेला असताना जोर वाढवत गेलं तर यंत्र त्या स्किडभोवती कलंडतं, आणि ठरावीक कोनापुढं गेल्यावर सायक्लिक कितीही उलटा धरला तरी सावरत नाही. तेव्हा एकच उपाय, कलेक्टिव्ह सावकाश खाली.

सगळं ठीक असेल तर चार-पाच फुटांवर उचला आणि तिथं थांबा. जमिनीजवळ पंख्याच्या हवेला खाली मोकळी वाट नसते, त्यामुळं कमी जोरात यंत्र तरंगतं. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, बो-१०५ च्या बाबतीत दहाएक मीटरपर्यंत, हा फायदा मिळतो आणि वर जाल तसा घटतो. मग सायक्लिक किंचित पुढं. सोळा ते चोवीस नॉटच्या दरम्यान यंत्र थरथरतं, नाक वर येऊ बघतं आणि अचानक उचल वाढते. पंखा स्वतःच ढवळलेल्या हवेतून बाहेर पडून ताज्या हवेत शिरलेला असतो. बिघाड झाला असं समजून इथं दांडा मागं ओढायचा नाही, नाक हलकेच दाबून वेग वाढू द्यायचा.

७. उन्हाळ्याचा हिशेब धरा

आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि सिम्युलेटरमध्ये हवामान हातानं भरता येतं. एकदा पंधरा अंशांवर उडवा, लगेच पंचेचाळीसवर. तेच यंत्र, तेच वजन, पण दुसऱ्या वेळी कलेक्टिव्ह बराच वर घ्यावा लागतो. गरम हवा विरळ असते, पात्यांना धरायला कमी हवा मिळते. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा की ठरलेल्या तापमानापेक्षा दर अंशाला सुमारे १२० फूट उंची जास्त धरायची. समुद्रसपाटीवर पंचेचाळीस अंश असले तर ठरलेल्या पंधराच्या वर तीस झाले, म्हणजे यंत्राला आपण साडेतीन हजार फुटांवर आहोत असं वाटतं. भरलेल्या टाकीनं दुपारी उचलत नसलेलं यंत्र सकाळी उचलतं ते यामुळं. उतरतानाही हाच हिशेब लागतो, कारण खाली आल्यावर थांबायला जो जोर हवा तो शिल्लक आहे का, हे खाली येण्याआधी माहीत असलं पाहिजे.

८. उतरणं म्हणजे वेग संपवणं

नवशिक्याला वाटतं, उतरणं म्हणजे खाली येणं. प्रत्यक्षात उंची, पुढचा वेग आणि खाली येण्याचा वेग या तिघांना एकाच जागी, एकाच वेळी शून्यावर आणायचं असतं. एकही आधी किंवा नंतर संपला तर गोंधळ.

आधी वारा बघायचा आणि नाक वाऱ्याकडं करायचं. पाचशे फुटांवर साठ नॉट असताना उतरण्याची जागा पक्की करायची. आम्ही प्राणहितेच्या पात्रातला वाळूचा पट्टा धरतो. ती जागा समोरच्या काचेत एकाच ठिकाणी दिसत राहिली तर आपण नेमके तिच्याकडं चाललो आहोत. काचेत ती वर सरकली तर आपण अलीकडंच पडणार, खाली सरकली तर ओलांडून जाणार. जवळ येताना जमीन मागं पळण्याचा वेग झपझप चालणाऱ्या माणसाएवढाच भासत राहिला पाहिजे. म्हणजे खरा वेग सतत घटत असतो. शेवटच्या टप्प्यात ताजी हवा सुटते, उचल एकदम घटते, कलेक्टिव्ह बराच वर घ्यावा लागतो आणि त्याबरोबर पेडलही. हे येणार हे ठाऊक असेल तर हात आधीच तयार असतात. पाच फुटांवर थांबायचं, नजर लांब करायची आणि मग कलेक्टिव्ह इंचाइंचानं खाली. टेकल्यावरही दांडा एकदम सोडायचा नाही. पंखा फिरतोय तोवर यंत्र उडतंयच असं धरून चालायचं.

९. आपल्याच हवेत बुडू नका

वेग जवळपास शून्य, यंत्र मिनिटाला तीनशे फुटांहून जलद खाली येतंय आणि इंजिनावर जोर आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पंखा स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसू लागतो. कडेनं वर आलेली हवा पुन्हा वरून आत शिरते. अशा वेळी कलेक्टिव्ह ओढला तर यंत्र वर येण्याऐवजी आणखी वेगानं खाली जातं, आणि मनाची पहिली ओढ नेमकी कलेक्टिव्हकडं असते. सुटका सायक्लिकमध्ये आहे. नाक पुढं, वेग घ्यायचा, ताज्या हवेत शिरायचं, मग जोर. यासाठी उंची लागते, म्हणून सराव दोन हजार फुटांवर करावा. तीस नॉटच्या खाली आल्यावर खाली येण्याचा वेग तीनशेच्या आत ठेवणं हा खरा बंदोबस्त.

२ मे २०११ च्या रात्री अबोटाबादला अमेरिकेचं एक हेलिकॉप्टर ओसामा बिन लादेनच्या आवारात आदळलं. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांप्रमाणे सरावासाठी उभारलेल्या नकली आवाराला जाळीचं कुंपण होतं, खऱ्या आवाराला भक्कम उंच भिंती. जाळीतून हवा निघून जात होती, भिंतींनी ती कोंडली. त्यात रात्र अपेक्षेपेक्षा गरम. जगातले निवडक वैमानिक, भरपूर सराव, तरी सरावाच्या नमुन्यात जे नव्हतं तेच आडवं आलं.

१०. इंजिन बंद करून बघा

आपण इंजिन बंद करतो तेव्हा यंत्र दगडासारखं पडत नाही. कलेक्टिव्ह ताबडतोब पूर्ण खाली घेतला तर खालून वर येणारी हवा पंखा फिरता ठेवते. रॉबिन्सन आर-२२ सारख्या हलक्या यंत्रात ‘ताबडतोब’ म्हणजे जेमतेम एक-दीड सेकंद. साठेक नॉट वेग धरायचा, जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मारायचा, मग यंत्र सपाट करून पंख्यात साठलेला फेरा शेवटच्या काही फुटांत कलेक्टिव्हनं खर्च करायचा. तो फेरा एकदाच मिळतो. लवकर खर्च केला तर उरलेली उंची तशीच अंगावर येते. हा सराव खऱ्या यंत्रात महाग आणि जोखमीचा, सिम्युलेटरमध्ये फुकट. म्हणून सगळ्यात जास्त तोच करावा.

११. पडद्यावर नसलेल्या गोष्टींची यादी ठेवा

आमच्या शेतांवरून मोटारपंपांच्या विजेच्या तारा जातात. सिम्युलेटरच्या बेज्जूरमध्ये त्या बहुतेक दिसत नाहीत. जवळच्या पालारापूच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करत आलीत, दुपारच्या तापल्या हवेवर घिरट्या घालत आलीत. पडद्यावरचं आकाश मात्र मोकळं. कापूस निघाल्यावरच्या उघड्या रानात पंख्याखाली जो धुरळा उठेल, त्यात समोरचं झाडही दिसणार नाही. तेही पडद्यावर नाही.

सोमनपल्लीचं दृश्य मी नंतर वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. चहूकडं गढूळ वाहतं पाणी असताना हॉवर धरायचा कशाच्या आधारानं? वाहत्या पाण्याकडं पाहिलं की आपणच सरकतोय असा भास होतो, आणि नसलेलं सरकणं आवरायला गेलं की यंत्र खरोखर सरकतं. आधार फक्त न हलणाऱ्या गोष्टीचा, टाकीचा नाहीतर झाडाच्या शेंड्याचा. भाच्यानं हे प्राणहितेच्या मधोमध करून पाहिलं आणि म्हणाला, “मामा, टाकीपाशी माणसं उचलणाऱ्यानं डोळे कुठं ठेवले असतील?” हा प्रश्न सुचला म्हणजे पाचवा धडा त्याला समजला.

१२. पुन्हा वर जाणं हाही उतरण्याचाच भाग

शंभर फुटांवर स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. वेग घटतोय का? खाली येण्याचा वेग तीनशेच्या आत आहे का? नाक वाऱ्याकडं आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर कलेक्टिव्ह वर, नाक पुढं आणि नव्यानं फेरी. शंभर फुटांवर हा निर्णय सोपा असतो, तीस फुटांवर महाग, दहा फुटांवर तो आपल्या हातात राहत नाही. सिम्युलेटरमध्ये आदळलं तर रिसेटचं बटण आहे, म्हणून नवशिके बिघडलेली खेप तशीच रेटतात आणि रिसेट दाबतात. त्यानं शिकायला मिळतं ते आदळणं. आम्ही नियम केला आहे की बिघडलेली खेप रिसेटनं संपवायची नाही, वर जाऊन सुधारायची. सरावाचा अर्धा तास अशा फेऱ्यांतच गेला आणि एकदाही टेकलो नाही, तरी तो अर्धा तास वाया गेला असं मी मानत नाही.